आधी ऐका, मग बोला

रेडिओ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते ती आकाशवाणी. तेथे एकाने बोलायचे आणि लाखोंनी ऐकायचे, असा रिवाज. परंतु रेडिओचे दुसरेही एक जग आहे आणि तेथे ऐकणारा प्रत्येक जण बोलूही शकतो. हे जग हौशी बिनतारी चालकांचे, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींचे. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, गच्चीवर तार ताणावी आणि जपानपासून ब्राझीलपर्यंत कोणाशीही बोलावे. परवान्याबरोबर एक सांकेतिक नाव मिळते. भारतातील नावे बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. या छंदातून पैसा मिळवायचा नाही, ही मुख्य अट.

अशा शांत छंदाच्याही स्पर्धा असतात आणि त्या मुळीच शांत नसतात. सर्वांत गाजलेली स्पर्धा ‘सी.क्यू. वर्ल्ड वाइड’ ही होय. ती १९४८ पासून चालू आहे. ऑक्टोबरमधील शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार बोलण्यासाठी आणि नोव्हेंबरमधील मोर्सच्या कट्ट-कडकट्टसाठी राखलेला असतो. आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला आरंभ होतो आणि सोमवारी पहाटे साडेपाचला शेवट. सलग ४८ तास! जगाचे ४० विभाग पाडले आहेत, त्यांपैकी आपली मुख्यभूमी २२ व्या विभागात येते. दुसऱ्या खंडातील देशाशी संपर्क झाला तर ३ गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाशी झाला तर १, आणि आपल्याच देशातील बंधूशी झाला तर शून्य. जितके देश व विभाग अधिक, तितक्या पटीने गुण वाढतात. संभाषण केवढे? एकमेकांचे नाव, ‘फाइव्ह नाइन’ आणि विभागाचा आकडा. दहा-पंधरा सेकंदांत सारे आटोपते. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे आवाज स्वच्छ आणि खणखणीत येतो आहे. प्रत्यक्षात “फाइव्ह नाइन! पण आपले नाव पुन्हा सांगा, ऐकू आले नाही,” असे म्हणणारे महाभागही पुष्कळ. स्पर्धेत तो अभिप्राय राहत नाही, नुसता नमस्कार होतो.

आता अडचण कोठे येते ते पाहू. २० मीटरच्या पट्ट्यात बोलण्यासाठी साधारण २०० किलोहर्ट्झची जागा मिळते. एका आवाजाला अडीच किलोहर्ट्झ लागतात. म्हणजे एकमेकांना धक्का न लावता जेमतेम ८० जण मावतील. स्पर्धेच्या दिवशी तेथे हजारो जण उतरतात. यात्रेच्या दिवशी एस.टी. स्टँडवर जी अवस्था होते, तीच येथे.

म्हणूनच पहिला नियम : आधी ऐका. एखादी जागा रिकामी वाटली तरी लगेच हाक देऊ नये. “ही जागा कोणी वापरीत आहे का?” असे विचारावे, थांबावे, पुन्हा विचारावे. नवख्याला हा नुसता उपचार वाटतो, परंतु त्यामागे निसर्गाचे कारण आहे. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मधला प्रदेश ओलांडून जातात. त्यामुळे पुण्याच्या चालकाला नागपूरचा आवाज मुळीच ऐकू येणार नाही आणि जर्मनीतल्या चालकाला मात्र दोघेही एकाच जागी ऐकू येतील. पुणेकर म्हणेल जागा रिकामी होती. नागपूरकर म्हणेल मी तासभर येथेच आहे. दोघेही खरे बोलत असतात! स्पर्धेतील निम्मी भांडणे अशी दोन प्रामाणिक माणसांत होतात, असे मला वाटते. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे तेथे कोणी नाही असे नव्हे, एवढे ज्याला उमगले त्याला अर्धा शिष्टाचार आला.

माझीही एकदा अशीच फजिती झाली. न विचारता एका जागी हाका देऊ लागलो. मिनिटभरात कोणीतरी शांतपणे सांगितले, “येथे काम चालू आहे.” मला राग आला, मी उलट उत्तर दिले आणि तेथेच ठाण मांडून बसलो. रात्री नोंदवही चाळताना दिसले की त्या तासाभरात माझे चारच संपर्क झाले होते. जागाही मिळाली नाही आणि मनही खजील झाले.

तरीही हे विसरून चालणार नाही की जागा कोणाच्याही मालकीची नसते. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी काही मंडळी शक्तिशाली यंत्राच्या जोरावर जागा धरून ठेवतात. बळी तो कान पिळी, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. आपला साधा शंभर वॅटचा आवाज त्यापुढे कोठे टिकणार?

दुसरी मोठी परीक्षा गर्दीची. एखादे दुर्मिळ केंद्र हवेवर आले की शेकडो जण एकदम हाका मारतात. अशा वेळी आपले पूर्ण नाव एकदा सांगावे आणि गप्प बसावे. “ज्याच्या नावात अमुक अक्षर आहे त्यानेच बोलावे,” असे पलीकडून सांगितले, तर इतरांनी ब्रही काढू नये. पण नेमके तेव्हाच दहा जण आणखी जोराने ओरडतात. त्यामुळे वेळ जातो आणि सर्वांचाच क्रम मागे पडतो. पुष्कळदा असे केंद्र स्वतः एका जागी बोलते आणि थोड्या वरच्या जागी ऐकते. हे ध्यानात न घेणारा त्याच्या तोंडावरच हाका मारतो. मग त्याला शिकविण्यासाठी आणखी चौघे “वर जा, वर जा” म्हणून ओरडतात आणि मूळ चुकीपेक्षा या हवालदारांचाच गोंगाट जास्त होतो. मारत्याचे हात धरवतात, बोलत्याचे तोंड धरवत नाही. येथे तर बोलणारा समुद्रापलीकडे बसलेला! उत्तम उपाय म्हणजे मौन.

प्रामाणिकपणाचेही तसेच. स्पर्धेनंतर साऱ्यांच्या नोंदवह्या एकमेकींशी ताडून पाहतात. नाव चुकले, समोरच्याच्या वहीत आपली नोंद नसली, तर ते गुण जातात आणि वर दंडही बसतो. परंतु ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शक्ती कोणी वापरली, हे दूर बसून ओळखणे फार अवघड. तेथे साक्षीदार आपले मनच.

आणि स्पर्धेत नसलेल्यांचे काय? रविवारी निवांत मित्राशी चार शब्द बोलू पाहणाऱ्याला हा कल्लोळ उपद्रवच वाटतो. त्याच्यासाठी ३०, १७ आणि १२ मीटरचे पट्टे स्पर्धांपासून मुक्त ठेवण्याचा संकेत आहे व तो बहुतेक पाळला जातो.

एवढी रीतभात कशासाठी, असे कोणी विचारील. शेवटी हा खेळच ना? त्याला अंदमानची हकीकत सांगावीशी वाटते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानशी हौशी संपर्क अनेक वर्षे झाला नव्हता, म्हणून साऱ्या जगाने हाकांची झुंबड उडविली होती. ती स्पर्धा नव्हती, पण गर्दी स्पर्धेसारखीच. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि बेटांचा मुख्यभूमीशी संपर्क तुटला. तेव्हा खेळ थांबवून त्याच केंद्रावरून मदतीचे आणि खुशालीचे निरोप जाऊ लागले. अशा घडीला एखादा क्षीण आवाज पलीकडे पोहोचतो तो बाकीच्यांनी तोंड मिटले तरच. आणि तोंड मिटण्याची सवय संकटाच्या दिवशी ऐनवेळी लागत नसते. ती ऑक्टोबरातल्या त्या दोन दिवसांत, गुणांचा मोह समोर असताना, लावून घ्यावी लागते.

सर्वांत जास्त गुण कोणी मिळविले हे दुसऱ्या वर्षी कोणाच्या ध्यानातही राहत नाही. मात्र “या माणसाने मला बोलू दिले,” ही आठवण दूरदेशीच्या अनोळखी कानात पुष्कळ दिवस टिकते.