यॉर्क : तटावरून पाहावे असे शहर

इ.स. ७१ मध्ये रोमन सैन्याने वसवलेल्या यॉर्कभोवती आजही सुमारे साडेतीन किलोमीटर मध्ययुगीन तट उभा आहे. इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याच शहरात एवढा लांब तट उरलेला नाही. त्यावरून फिरायला तिकीट नाही. बूथम बार ते मंक बार या दोन वेशींमधला टप्पा चुकवू नये. तिथून यॉर्क मिन्स्टर सर्वांत देखणे दिसते.

हे कॅथीड्रल सुमारे १२२० ते १४७२ असे अडीचशे वर्षे बांधले जात होते. आतली पूर्वेची खिडकी मात्र जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या अवघ्या तीन वर्षांत पुरी केली. टेनिसच्या मैदानाएवढी रंगीत काच! वर सृष्टीची उत्पत्ती, खाली जगाचा अंत. छोटी दुर्बीण जवळ असू द्या, वरचे तपशील नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली. गर्दी टाळायची तर सकाळीच गाठावी.

क्लिफर्ड्स टॉवर या किल्ल्याच्या बुरुजाच्या टेकडीवर ११९० च्या मार्चमध्ये जमावाच्या वेढ्यात सुमारे दीडशे ज्यूंचा अंत झाला. बहुतेकांनी स्वतःच मरण पत्करले. पायथ्याशी स्मृतिफलक आहे. तो वाचल्याशिवाय वर चढू नका.