फ्लाइट सिम्युलेटर अडखळतोय? जुना लॅपटॉप येईल कामी!

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उतरायला आलं, की नेमकं तेव्हाच चित्र अडखळतं. विमानतळाचं बारीकसारीक दृश्य आणि सोबत चालणारे नकाशा, हवामान असे ॲड-ऑन, सगळ्यांचा भार एकाच कॉम्प्युटरवर येतो.

मग उपाय काय?
नकाशा दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवायचा. २००६ च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’पासून ‘सिमकनेक्ट’ ही यंत्रणा विमानाची जागा, उंची, वेग इतर प्रोग्रामना पुरवते. जातात ते फक्त आकडे, चित्र नाही. त्यामुळे घरचं वायफायही पुरतं.

कसं करायचं?
- लॅपटॉपवर ‘लिटल नॅव्हमॅप’ हा मोफत नकाशा टाका.
- मुख्य कॉम्प्युटरवर त्याचा जोडीदार ‘लिटल नॅव्हकनेक्ट’ सुरू ठेवा.
- दोन्ही एकाच राउटरला जोडा.
- नकाशात मुख्य कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस आणि पोर्ट ५१९६८ भरा.
- जोडणी होत नसेल, तर फायरवॉलची परवानगी तपासा.

काय हलवता येत नाही?
विमानं आणि विमानतळांची दृश्यं. ती सिम्युलेटरच्या आतच चालतात. अडखळणं त्यांच्यामुळे असेल, तर ग्राफिक्स सेटिंग कमी करणं हाच मार्ग. म्हणून घरात पडून असलेला लॅपटॉप जरूर वापरा; पण एवढ्यासाठी नवा विकत घेऊ नका.