गाठीचा सांगावा

आमच्या घरोघरी कर्करोगाचे नाव अजूनही हलक्या आवाजात घेतले जाते. वडील मंडळी ‘त्यांना तसला आजार आहे’ एवढेच बोलतात आणि मुलांना खेळावयास बाहेर धाडतात. नाव दडविल्याने भय कमी होते असा आमचा अनुभव नाही. म्हणून या रोगाची गाठ वाढते कशी, याचा शोध घेण्यात आयुष्य वेचणाऱ्या एका शस्त्रवैद्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

शरीरातील प्रत्येक पेशीला प्राणवायू लागतो व तो केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांतून मिळतो. वाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे असलेल्या पेशीपर्यंत तो पुरेसा पोहोचत नाही. मग बेसुमार वाढणाऱ्या पेशींची गाठ लिंबाएवढी होते तरी कशी? तिला रक्त पुरवितो कोण?

अमेरिकेतील डॉ. जूडा फोकमन (जन्म १९३३) १९६० नंतरच्या दोन वर्षांत नौदलाच्या बेथेस्डा येथील केंद्रात काम करीत होते. रक्ताऐवजी वापरता येईल असा द्रव तयार करणे, हे त्यांचे व डॉ. फ्रेडरिक बेकर यांचे काम. त्यांनी सशाची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर त्या द्रवावर जिवंत ठेवली आणि तीत उंदराच्या कर्कपेशी सोडल्या. पेशी वाढल्या, परंतु मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गाठ होताच थबकल्या. त्या मेल्या म्हणावे, तर तसेही नव्हते. त्याच गाठी उंदराच्या अंगात बसविताच झपाट्याने फोफावल्या! काचपात्रातील ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटल्या नव्हत्या, उंदराच्या अंगात त्या फुटल्या होत्या.

यावरून फोकमन यांनी १९७१ साली असे मत मांडले की, गाठ स्वतःच एखादा पदार्थ सोडून शेजारच्या रक्तवाहिन्यांना सांगावा धाडते. तो सांगावा अडविला, तर गाठीची उपासमार होईल. पुष्कळ तज्ज्ञांना हे पटले नाही. गाठीभोवतीच्या वाहिन्या म्हणजे निव्वळ दाह, असे ते म्हणत.

वाचकांनी आरशासमोर उभे राहून आपला डोळा पाहावा. पांढऱ्या भागात तांबड्या रेषा दिसतील, पण बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या काठाशी त्या थांबतात. त्या पटलात रक्तवाहिनी मुळीच नसते. फोकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या याच पटलात गाठीचा कण ठेवला. काही दिवसांत काठावरून नव्या वाहिन्या निघाल्या आणि इकडेतिकडे न भटकता गाठीच्या रोखाने सरकू लागल्या. त्या पोहोचेपर्यंत गाठ मंद वाढे. पोहोचताच ती फुगे. जेथे वाहिन्याच नाहीत तेथे त्या नव्याने आल्या, याला जुन्या वाहिन्या फुगल्या असे कसे म्हणावे?

सांगावा नेणारा एक पदार्थ पुढे सापडला. १९८३ मध्ये बोस्टनच्या सेंगर व ड्वोरॅक यांनी वाहिन्या पाझरविणारे एक प्रथिन दाखविले; १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढविणारे प्रथिन वेगळे केले. दोन्ही एकच निघाली! आज त्यास व्हीईजीएफ म्हणतात. प्राणवायू कमी पडला की पेशी ते सोडते. वाहिनीच्या भिंतीवरील पेशींत ते कुलपात किल्ली बसावी तसे बसते आणि त्या पेशी विभागू लागतात. जखम भरताना, गर्भ वाढताना हेच प्रथिन कामी येते. गाठ शरीराचीच भाषा बोलते, म्हणूनच शरीर फसते.

ही किल्ली पकडून ठेवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ च्या फेब्रुवारीत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. नेहमीच्या औषधांवर रुग्णांचे मध्यम आयुर्मान १५.६ महिने होते. हे औषध जोडल्यावर ते २०.३ महिने झाले. पाच महिनेसुद्धा नाहीत! १९९८ साली उंदरांवरील प्रयोगांच्या बातम्या वाचून ज्यांनी रोग हटला असे मानले, त्यांची निराशा झाली. एक सांगावा अडला तर गाठ दुसरा धाडते. तरीही ज्याच्या घरात रुग्ण आहे, त्याला ते पाच महिने थोडे वाटणार नाहीत.

फोकमन १४ जानेवारी २००८ रोजी, परिषदेस निघाले असता, डेन्व्हरच्या विमानतळावर वारले. वृद्धांच्या दृष्टिपटलामागे नको त्या वाहिन्या वाढून दृष्टी जाते, त्या विकारात मात्र हेच औषध फार गुणकारी ठरले आहे. आपल्याकडेही कित्येक आजी-आजोबांच्या डोळ्यात त्याचे इंजेक्शन देतात, आणि त्यांना पुन्हा वर्तमानपत्र वाचता येते.