चोवीस-पन्नासचा सेल

मालवणात डाइव्हिंगचा मोसम ऑक्टोबरात उघडतो आणि मे सरताना मिटतो. पावसात होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, किल्ल्यावर जाणंही बंद, आणि स्कूबावाले रेग्युलेटर सुटे करून बसतात. मला त्याहून लहान काम बघायचं होतं. मोसमात एका होडीवर इन्स्ट्रक्टरच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर दिसला होता. काचेवर इतके चरे की आकडे वाचायला त्याला मान तिरकी करावी लागत होती. आम्हा पर्यटकांच्या हातात तसलं काहीच नव्हतं. आमची खोली आणि वेळ, सगळा हिशेब त्या एका जुन्या डबीत. "सेल मीच घालतंय," असं तो सहज म्हणाला, आणि माझ्या पोटात किंचित गोळा आला.

जुलैत त्याच्या घरामागच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत गेलो. आत निओप्रीनचा वास. धुतलेले सूट दोरीवर टांगलेले, पण पावसात ते सुकणार कधी? रबर, मीठ आणि कितीतरी लोकांचा घाम, असा तो वास पुढे दोन दिवस माझ्या शर्टाला होता.

टेबलावर पांढरा पंचा, भिंग, दातकोरणी, सिलिकॉन ग्रीसची डबी, मल्टिमीटर. आणि आजूबाजूच्या सेंटरांतून आलेले सात-आठ कॉम्प्युटर. बहुतेक सून्टो या फिनलंडच्या कंपनीचे, व्हायपर नाहीतर झूप. कुणीतरी वापरून विकलेले, इथे पुन्हा कामाला लागलेले. त्यांना लागतो सीआर 2450. हा आकडा म्हणजेच त्याचं माप: व्यास साडेचोवीस मिलिमीटर, जाडी पाच. घड्याळवाल्याकडे 2032 हवे तितके मिळतात; चोवीस-पन्नास मात्र पणजीहून नाहीतर कोल्हापुराहून मागवावा लागतो. तोही मीटरवर नीट दिसला म्हणून भागत नाही. लिथियमचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत तीन व्होल्ट दाखवत राहतो आणि मग एकदम बसतो.

सेल बदलणं दोन मिनिटांचं: डबी धुवून पुसायची, कडं फिरवायचं, झाकण उचलायचं, जुना काढून नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवायचा. बाकी सगळी दुपार गेली ती ओ-रिंगवर. ती काळी रबरी कडी तो लाकडी दातकोरणीने उचलतो, धातू लावत नाही. दिव्याखाली बोटांत फिरवतो. एका बाजूने चपटी झालेली दिसली की सरळ केरात. नव्या कडीला ग्रीस नुसतं चकाकण्यापुरतं, कारण जास्त झालं तर वाळू धरतं. वीस मीटरवर दर चौरस सेंटीमीटरला पाण्याचा दाब साधारण दोन किलो. झाकण पाचेक चौरस सेंटीमीटरचं, म्हणजे त्याच्यावर दहा किलो. खाचेतल्या कडीवर एक केस आडवा राहिला तरी तेवढी फट पुरते.

"ह्यो बघा," म्हणून त्याने भिंगाखाली एक मेलेला झूप धरला. सेलच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या आणि खाचेत खरोखरच एक केस. "पाण्याक वाट दाखवूक लागणा नाय."

पण मी परत परत त्याच्याकडे गेलो ते एका प्रश्नामुळे. प्रत्येक डबी उघडण्याआधी तो मालकाला फोन करतो: पाण्यात शेवटचं कधी गेलात? 48 तास झाले का? सेल निघाला की या कॉम्प्युटरला मालकाच्या अंगात मुरलेला नायट्रोजन आठवत नाही. जुन्या डाइव्हची वही शाबूत राहते. चालू हिशेब तेवढा पुसला जातो. अंग मात्र काही विसरत नाही. सकाळी तीस मीटरवर जाऊन आलेल्याला दुपारी नवा सेल घातलेलं यंत्र कोरा माणूस समजतं आणि जास्त वेळ पाण्याखाली राहू देतं. जॉन स्कॉट हाल्डेनने 1908 मध्ये शरीराचे हळू-जलद भरणारे कप्पे कल्पून जे गणित मांडलं, त्याचाच हा कॉम्प्युटर वारस. व्हायपरमध्ये असे नऊ कप्पे आहेत. सर्वांत संथ कप्प्याला निम्मा रिकामा व्हायला 480 मिनिटं, म्हणजे आठ तास लागतात. 48 तासांत तो सहादा निम्मा होतो आणि चौसष्टावा हिस्सा उरतो. मला हे कागदावर मांडून बघावं लागलं. त्याला 48 पाठ आहे, तेवढं पुरतं. आणि पावसाळ्यात हे काम काढण्यामागचं शहाणपणही तिथेच आहे: इथे तेव्हा कुणी पाण्यात जातच नाही.

तपासणीचं साधन त्याने स्वतः जुळवलंय. पाण्याच्या फिल्टरचं पारदर्शक नळकांडं, वर व्हॉल्व्ह, आणि काटा असलेला सायकलचा पंप. नळकांडं पाण्याने अगदी काठोकाठ भरायचं. आत हवा राहिली आणि प्लास्टिक फुटलं तर तुकडे अंगावर येतील. व्हायपर आत सोडला. पाणी लागताच तो आपोआप जागा झाला. पंपाचे काही हात मारले आणि बाहेर कौलांवर पाऊस कोसळत असताना टेबलावरचं ते यंत्र वीस मीटर दाखवू लागलं. मला हसू आवरेना. मालकाच्या खऱ्या डाइव्हचा नायट्रोजन विसरलेलं यंत्र आता कुणीच न मारलेल्या डाइव्हचा नायट्रोजन मोजत होतं! ही खोटी डाइव्ह वहीतही चढते. तो निर्विकार होता. दहा मिनिटांनी त्याने दाब उतरवला, यंत्र पुसलं आणि पारदर्शक झाकणातून आत दव धरलंय का ते पाहिलं. मग घड्याळ लावलं. नायट्रॉक्सचा, म्हणजे टाकीतल्या मिश्रणातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा, आकडा आपसूक 21 वर आलेला असतो, तो मालकाला चिठ्ठीवर लिहून कळवला. एवढ्याचे तो तीनशे रुपये घेतो. फार कमी घेतो, हे मी त्याला सांगितलंही.

फळीवर एक अलादिन प्रो पडून होता. उवाटेक या स्विस कंपनीचा. ओल्या बोटांनी दोन धातूची टोकं जोडली की चालू होणारा. एके काळी जगभर गाजलेलं यंत्र, पण आत तेल भरलेलं आणि सेल डाखलेला. मालकाने सेल बदलावा अशी कंपनीची इच्छाच नव्हती. पाणी आत जाऊ नये म्हणून तसं केलं, हे कारण मला पटतं. तरी मालकाला साधा सेलही बदलू न देणारं यंत्र बनवणाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही. अलादिनचा मालक पुण्याचा, हौशी आणि हट्टी. त्याचा फोन मी असतानाच आला.

"उघडतंय," हा म्हणाला. "तेल काढून, डाख देऊन परत भरतंय. पण दुसऱ्या हातात चालू कॉम्प्युटर बांधतलात, तरच. नायतर पार्सल परत धाडतंय."

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चालू होतं. याने तोवर पुढच्या झूपचं कडं फिरवायला घेतलं होतं.