पटावरचा सैनिक कसा रंगवावा?

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आपण बहुधा रंगवलेलेच विकत आणतो. टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळणारे हौशी लोक मात्र आपले सैनिक स्वतः रंगवतात. मलाही हा छंद जडला आहे. उदाहरणादाखल १८१५ सालच्या वॉटर्लूच्या लढाईतील ब्रिटिश पायदळाचा सैनिक घेऊ. उंची सुमारे २८ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढी!

प्रथम तो साबणाच्या पाण्याने धुवावा. वाळल्यावर प्रायमरचा पातळ हात द्यावा, म्हणजे रंग धरतो. मग लाल डगला, राखाडी विजार, पांढरे पट्टे, काळी टोपी. अॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून दोन हात द्यावेत. जाड थराखाली नाकडोळे बुजतात.

एवढ्या लहान आकृतीवर उजेडाची सावली नीट उमटत नाही. ती आपणच रंगवायची. खूप पातळ केलेला गडद तपकिरी रंग वरून सोडला, की तो घड्यांच्या खळग्यांत साचतो. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट लाल रंग फिरवावा. आता घड्या दुरूनही दिसतात.

चेहरा मात्र घाईने उरकू नये. इतिहासाच्या पुस्तकात आपण ‘पलटण’ एवढेच वाचतो. कुंचल्याखाली तीच पलटण एकेक माणूस होऊन समोर उभी राहते.