इंग्रजी बोलण्याचा ऑनलाइन सराव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

60 मुलांचा वर्ग आणि 35 मिनिटांची तासिका. शिक्षकांनी स्वतः चकार शब्द न काढता सगळ्यांना पाळीपाळीने बोलतं केलं, तरी एकेकाच्या वाट्याला 35 सेकंद येतात. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. मराठी माध्यमातलं मूल दहावीपर्यंत दहा वर्षं हा विषय शिकतं, तरीही अनेकांची गाडी ‘माय नेम इज’च्या पुढे अडखळते. त्याचं एक मोठं कारण या साध्या हिशेबात आहे. वाचायला, लिहायला, फळ्यावरचं उतरवून घ्यायला वेळ मिळतो. बोलायला मिळत नाही. हा वेळ ऑनलाइन साधनं मिळवून देऊ शकतात. मात्र त्यांच्याविषयी शिक्षक आणि पालकांच्या मनात काही समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज 1: इंग्रजी भरपूर कानावर पडलं की आपोआप बोलता येतं.

वस्तुस्थिती: ऐकणं आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही. कॅनडात इंग्रजी बोलणारी अनेक मुलं फ्रेंच माध्यमाच्या शाळांत शिकत होती. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना ती उत्तम समजू लागली, पण त्यांच्या बोलण्यात व्याकरणाच्या चुका राहिल्याच. त्यावरून मेरिल स्वेन या भाषातज्ज्ञ बाईंनी 1985 मध्ये मांडलं की, स्वतः वाक्य जुळवावं लागतं तेव्हाच आपल्याला नेमकं काय येत नाही हे कळतं. म्हणून यूट्यूबवर इंग्रजी संभाषणाचे व्हिडिओ बघणं ही फक्त तयारी झाली. सराव तोंड उघडल्यावर सुरू होतो.

गैरसमज 2: त्यासाठी महागडं अ‍ॅप, संगणक कक्ष आणि वेगवान इंटरनेट लागतं.

वस्तुस्थिती: घरात एक साधा स्मार्टफोन असला तरी पुरे. त्यातल्या व्हॉइस रेकॉर्डरला इंटरनेटही लागत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज थोड्याशा डेटात जातो. प्रश्न साधनाचा कमी, दिलेल्या कामाचा जास्त असतो. ‘इंग्रजीत काहीतरी बोलून पाठवा’ असं सांगितलं की मुलं निबंध पाठ करून पाठवतात. त्यापेक्षा भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्यामुळे जगभर माहीत झालेली 4-3-2 पद्धत वापरून पाहा. एकच विषय, समजा ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’, आधी 4 मिनिटं बोलायचा, मग तोच 3 मिनिटांत, मग 2 मिनिटांत. दर वेळी ऐकणारा वेगळा असावा: एकदा मित्र, एकदा बहीण, शेवटी फोन. पहिल्या खेपेला शब्द शोधण्यात वेळ जातो. तिसऱ्या खेपेला शब्द हाताशी असतात, त्यामुळे बोलणं सलग होतं. लहान मुलांसाठी किंवा नवशिक्यांसाठी हाच वेळ निम्मा करावा.

एकाच अ‍ॅपवर सगळा भरवसाही ठेवू नये. व्हिडिओ उत्तरांसाठी जगभरच्या शिक्षकांचं आवडतं झालेलं ‘फ्लिप’ मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये स्वतंत्र सेवा म्हणून बंद केलं. अ‍ॅप येतात-जातात, चांगली कृती मात्र कुठल्याही साधनावर चालते.

गैरसमज 3: अ‍ॅपने हिरवं दाखवलं म्हणजे उच्चार बरोबर, लाल दाखवलं म्हणजे चूक.

वस्तुस्थिती: यंत्राला ज्या आवाजांवर घडवलं, त्यांच्यासारखं बोलणाऱ्यांना ते जास्त नीट समजतं. 2020 मध्ये अमेरिकेत पाच बड्या कंपन्यांच्या वाक्-ओळख प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात शंभरात सुमारे 19 शब्द चुकत होते, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात सुमारे 35. इंग्रजी ही दोघांचीही मातृभाषा, तरी एवढा फरक पडला. मग सांगली किंवा नंदुरबारच्या मुलाचा उच्चार यंत्राने लाल ठरवला, तर तो शेवटचा निकाल मानू नये. उलट बाजूही आहे. बोलून टाइप करताना फोन मागच्या-पुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतो, त्यामुळे उच्चार चुकला तरी शब्द बरोबर उमटू शकतो. फोनच्या भाषेत ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडावं आणि शंका आली तर माणसाला ऐकवावं.

गैरसमज 4: ब्रिटिश किंवा अमेरिकन ढंगात बोलता आलं तरच इंग्रजी चांगलं.

वस्तुस्थिती: ढंग वेगळा असणं आणि बोलणं न समजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग या संशोधकांनी 1995 मध्येच दाखवून दिलं. भाषातज्ज्ञ जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 मध्ये त्यापुढे जाऊन, निरनिराळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलतात तेव्हा समजुतीचा घोटाळा कुठे होतो ते मांडलं. ‘थिंक’मधला ‘थ’ आपल्या पद्धतीने उच्चारला तरी सहसा अडत नाही. स्वर आखूड-लांब झाला तर मात्र अडतं. मराठी बोलताना ‘इ’ आणि ‘ई’ यांतला फरक आपण फारसा पाळत नाही, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’ यांची गल्लत होते. कष्ट घ्यायचे ते इथे. एखादा शब्द निरनिराळे लोक कसा बोलतात हे ‘यूग्लिश’ या संकेतस्थळावर खऱ्या व्हिडिओंतून ऐकता येतं.

गैरसमज 5: चूक तिथल्या तिथे सुधारली की काम झालं.

वस्तुस्थिती: मूल म्हणतं, ‘येस्टर्डे आय गो टू मार्केट.’ बाई हसून म्हणतात, ‘ओ, यू वेन्ट टू द मार्केट?’ मूल ‘येस’ म्हणून पुढे जातं. बाईंनी चूक सुधारली, पण मुलाला ती कळलीच नाही. 1997 मध्ये रॉय लिस्टर आणि लायला रांटा या संशोधकांनी वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा शिक्षक हीच पद्धत सर्वाधिक वापरतात आणि मुलं तिची दखल सर्वांत कमी घेतात, असं दिसलं. रेकॉर्डिंगचा खरा फायदा इथे होतो. ‘स्वतःचं ऐक, एक चूक शोध आणि पुन्हा बोलून पाठव’ एवढंच सांगावं. ‘गो’चं ‘वेन्ट’ मुलाने स्वतः केलं तर ते टिकण्याची शक्यता जास्त. शिक्षकांनीही एका वेळी एकच मुद्दा सांगावा. दहा सांगितले तर पुढचा मेसेज येणारच नाही.

गैरसमज 6: अ‍ॅप असल्यावर शिक्षक कशाला?

वस्तुस्थिती: गूगलने 2019 मध्ये भारतात आणलेलं ‘बोलो’, पुढे ‘रीड अलाँग’, मुलाचं वाचन ऐकून त्याला मदत करतं. ते उपयोगी आहे, पण वाचताना शब्द आयते समोर असतात. संभाषणात ते स्वतः शोधावे लागतात, समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो, त्याला कळलं नाही तर वेगळ्या शब्दांत सांगावं लागतं. आयईएल्ट्स या आंतरराष्ट्रीय परीक्षेतही 11 ते 14 मिनिटांची तोंडी परीक्षा माणूसच घेतो. घरी यंत्रापुढे भीड चेपावी आणि वर्गात माणसाशी बोलावं, अशी वाटणी योग्य.

गैरसमज 7: मुलांचा आवाज कुठेही टाकला तरी काय बिघडतं?

वस्तुस्थिती: आवाजावरून माणूस ओळखता येतो. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याची तरतूद आहे. रेकॉर्डिंग पालकांच्या फोनवरून थेट शिक्षकांकडे जावं, सगळ्यांच्या ग्रुपवर नको. त्यात नाव-पत्ता नसावा. अडखळणाऱ्या मुलाची क्लिप तर कधीच पुढे पाठवू नये. एकदा हसं झालेलं मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे: नवं अ‍ॅप शोधण्याआधी मूल आठवड्यात किती मिनिटं स्वतःच्या मनाने इंग्रजी बोलतं, हे मोजा. ती मिनिटं वाढवणारं साधन चांगलं, मग ते फुकटचं का असेना.