कॉलेज की काम? अमेरिकी तरुणाईचा हिशेब

पदवीमुळे वाढणारा पगार आणि पदवीशिवाय मिळणारे काम यांच्या तुलनेवर कॉलेजचा निर्णय बराचसा ठरतो. अमेरिकेत मुलगे आणि मुली यांच्यासाठी हा हिशेब वेगळा राहिला. २०२३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांनी त्याचा सखोल अभ्यास केला आहे.

● १९४७ : युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. पदवीवर्गांत दर मुलीमागे २.३ मुलगे होते.

● १९६८ नंतर : पस्तिशीत आपण नोकरी करत असू, असे १९६८ मध्ये सुमारे एक तृतीयांश तरुणींना वाटे, १९७० चे दशक संपता संपता हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. कायदा, वैद्यक, व्यवस्थापन यांची दारे उघडली, लग्ने लांबली. १९८० च्या सुमारास मुली संख्येने बरोबरीत आल्या आणि नंतर पुढे गेल्या.

● पदवीविना काम : बारावीनंतर मुलगा बांधकामावर किंवा ट्रक चालवून बरे कमावतो. मुलीच्या वाट्याला दुकानातला गल्ला, हॉटेलातली साफसफाई, वृद्धांची शुश्रूषा अशी कमी पगाराची कामे येतात. म्हणून तिला पदवीची गरज अधिक भासते.

● तेजीचा मोह : २००० नंतरच्या घरबांधणीच्या तेजीत तरुण छपरे ठोकायला, तरुणी घरविक्रीच्या कचेऱ्यांत गेल्या, तेजीच्या शहरांत दोघांचेही कॉलेजप्रवेश रोडावले. मंदीत ते काम आटले, पण अनेकांची पदवी कायमची राहून गेली.